बारा जेवणं, बारा बाटल्या

६ मे

प्रिय मुंगी,

पेटी उघडताच आधी हे पत्र हाताला लागेल असं बघ, म्हणून पॅकिंगवाल्याला दोनदा सांगितलं होतं. तू ते बाजूला ठेवून आधी बाटल्या काढल्या असणार, तेही मला माहीत आहे. हरकत नाही, फक्त फेकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, पार्सल मात्र सही करून घ्यावंच लागतं. म्हणून हा आडमार्ग.

काम सांगते. आमच्या वाइनच्या दुकानातून या उन्हाळ्यात एक पुस्तिका निघणार आहे. घरी अर्ध्या तासात होणारी बारा साधी जेवणं, आणि प्रत्येकाबरोबर कोणती बाटली उघडायची ते. काकडीचं थंड सूप, टोमॅटो आणि पावाचं सॅलड, टरबुजाच्या फोडी आणि खारं चीज, लिंबू पिळलेला मासा, असं सगळं. उकाड्यात शेगडीपुढे कोणी तासभर उभं राहणार नाही, पण ग्लासात काहीतरी गार हवं असतं. आपल्याकडच्या गिऱ्हाइकांना अजून वाटतं की वाइन म्हटली की बाहेर बर्फ पडत असला पाहिजे आणि ताटात मोठा मांसाचा तुकडा पाहिजे. म्हणून मालकांनी हे माझ्या गळ्यात घातलं.

पेट्या तीन येतील. तू प्रत्येक पेटीतल्या बाटल्यांबरोबरची चार जेवणं करायचीस, बाटली तासभर फ्रीजमध्ये ठेवायचीस (लाल असेल तर वीस मिनिटं, जास्त नको), जेवताना प्यायचीस आणि वास कसला आला, जेवणाशी कसं जमलं, ते पेटीतल्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर लिहून पाठवायचंस. चार ओळी पुरेत. शिवणाच्या मशीनवरून उठल्यावर तसंही तू काहीतरी थंडच खातेस.

हे मी तुलाच का सांगतेय, असं तू विचारशील. घरगुती माणसाचं मत हवंय, असं लिहून मोकळी होणार होते. दोनदा लिहून खोडलं.

मुंगे, माझं नाक गेलं आहे. फेब्रुवारीपासून. सर्दी झाली नाही, ताप नाही, पडले-झडले नाही. एक दिवस कॉफी केली आणि ती नुसतं गरम कडू पाणी निघाली. मला वाटलं पूड शिळी झाली. नवी आणली, तीही तशीच. मी राहते त्याच्या खाली लाँड्री आहे, सकाळी साबणाची वाफ जिन्यावरून थेट माझ्या खोलीत यायची आणि मी रोज त्यांना शिव्या घालायचे. आता वाफ येते, खिडकीची काच धूसर होते, आणि बाकी काही नाही. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू एवढं कळतं. तेवढ्यावर वाइनच्या दुकानात किती दिवस निघतील?

तीन महिने मी जुन्या वह्यांवरून बोलतेय. कोणाला सांगितलेलं नाही. लहानपणी आईने साखर कुठेही लपवली तरी तू हुंगत जायचीस, मुंगी हे नाव काही उगाच पडलं नाही. तुझं नाक मला उसनं दे.

आणि एक विचारायचं आहे. बाबांचंही आधी नाकच गेलं होतं ना?

तुझी
ताई


२० मे

प्रिय मुंगी,

चिठ्ठ्या मिळाल्या. चारही. पाकिटात तुझा एक शब्द नव्हता, 'प्रिय' नाही, 'ताई' नाही, नुसत्या चिठ्ठ्या. तरी मी ते पाकीट दिवसभर पर्समध्ये घेऊन फिरले.

आणि लिहिलंस काय सुरेख! टोमॅटोच्या सॅलडबरोबरच्या गुलाबी वाइनला 'नुकत्याच धुतलेल्या स्ट्रॉबेऱ्या, आणि मागे थोडं मीठ' हे मला सुचलं असतं तर मी आठवडाभर मिरवलं असतं. टरबुजाच्या बाटलीला 'मधाचं रिकामं भांडं उन्हात ठेवावं तसा वास' वाचून हसूच आलं. अगदी माझ्या वळणाचं. आपल्या दोघींची नाकं एकाच साच्यातून निघाली असणार. मी चारही वाक्यं जशीच्या तशी पुस्तिकेत घातली आहेत, माझ्या नावावर. रागव, पण घातली आहेत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंस.

मग मीच सांगते माझं काय चाललंय. सकाळी उठल्यावर ओट्यावर सात वाट्या मांडते. कॉफी, लवंग, लिंबाची साल, साबण, पुदिना, व्हॅनिला, चामड्याचा जुना पट्टा. डोळे मिटून एकेक नाकाशी धरते. मग तोंड धुते आणि शंभरावरून सात-सात वजा करत खाली येते. मग या मजल्यावरच्या सगळ्या शेजाऱ्यांची नावं म्हणते. परवा समोरच्या दंतवैद्याचं नाव आठवेना. जिन्यात भेटतो तो माणूस, गेल्या वर्षी त्याने माझी दाढ काढली. मी दारात चप्पल घालून तशीच उभी राहिले, पाचावर धारण बसली होती माझी. दहा मिनिटांनी आठवलं. पण तोवर मनाने मी कुठल्याशा खोलीत खुर्चीवर बसले होते आणि तू मला विचारत होतीस, ताई, मी कोण?

बाबांनी तुला विचारलं होतं ना तसं. उलट. तू कोण, म्हणून. ते मला तू नाही, तुझ्या शेजारणीने सांगितलं.

म्हणून विचारते. कशाने सुरू झालं? दूध करपलं आणि त्यांना कळलं नाही, ते आधी, की दुकानातून परतताना रस्ता चुकले, ते आधी? मध्ये किती दिवस गेले? तू पाच वर्षं त्यांच्याबरोबर होतीस. मी नव्हते. मला माहीत नाही म्हणून विचारतेय.

हे खोटं आहे. एक मला माहीत आहे. मी पहिल्या वेळी आले होते तेव्हा त्यांच्यासाठी चांगली बाटली आणली होती, आठवतं? त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, छान आहे, गार आहे. दुसरं काही नाही. एरवी ग्लास नाकाशी धरून अर्धा तास चर्चा करणारा माणूस. मी नाक मुरडून बसले, की मी एवढं आणलं आणि यांना किंमत नाही. माझं कामच वासाचं, मुंगे. त्या खोलीत बाबांना वास येत नाही हे कळायला हवं होतं ते एकाच माणसाला, आणि ते माणूस रुसून बसलं. दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि तुला काही बोलले नाही.

दुसरी पेटी पाठवतेय. यातली पांढरी बाटली माशाबरोबर. लिंबू हात राखून पिळ. ताटातलं आंबट ग्लासातल्या आंबटापेक्षा वरचढ झालं की वाइन पाण्यासारखी लागते.

ताई


४ जून

मुंगे,

आज शनिवारचं सांगते, आधी ते.

शनिवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत चाखण्याचा वर्ग असतो. तीस खुर्च्या, लांब टेबल, पांढरा कागद अंथरलेला, प्रत्येकापुढे ग्लास. या वेळी तर पुस्तिकेची झलक म्हणून गर्दीही होती. मी माशाबरोबरची पांढरी वाइन ओतली, तीच, जी तुला मागच्या पेटीत पाठवली. दुकानात आलेल्या एकाच पेटीतल्या दोन्ही बाटल्या. तुझी चिठ्ठी दोनच दिवसांपूर्वी आली होती, पाठ होती. मी ग्लास फिरवला, डोळे मिटले आणि तुझं वाक्य म्हटलं, 'हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि शेवटी ओल्या पाटीवरचा खडू.'

सगळ्यांनी हुंगलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक गृहस्थ तर म्हणाले, सफरचंद फार स्पष्ट आहे. टेबलाच्या पार टोकाला एक आजीबाई बसतात, निवृत्त नर्स, कधी बोलत नाहीत. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "मला तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. तळघरात पाणी शिरल्यावर येतो तसा."

मालकांनी पुढे येऊन माझा ग्लास उचलला, एकदाच नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. बाटलीला बुचाचा वास लागला होता. खराब बुचाने वाइन नासते, तेव्हा असा कुबट वास येतो. नवशिक्याला एकदा दाखवला की जन्मभर चुकत नाही. मी एकवीस वर्षं लोकांना तो दाखवत आलेय. आणि मी तीस माणसांना तो सफरचंद म्हणून पाजला, आणि माझ्या शब्दाखातर एकोणतीस जणांनी तो सफरचंद म्हणून प्यायला.

मी सर्दी झाल्याचं सांगितलं. मालक बरं म्हणाले. ते चांगले आहेत, म्हणून जास्त भीती वाटते. नाकाने कांदे सोलत आले ना मी एवढी वर्षं, तुझ्यापुढेही. आता सोलायला नाकच नाही.

तुझी बाटली चांगली निघाली हे मात्र नशीब. नाहीतर ती बिचारी चिठ्ठी अशी उतरलीच नसती.

पण तू बोलत का नाहीस? दोन पत्रांत मी एकच गोष्ट विचारली आहे. राग आहे, मान्य. बाबा गेले त्या दिवशी तू म्हणालीस, "चार वेळा आलीस, चारही वेळा परतीचं तिकीट काढूनच," ते खरं आहे, मी त्याला उत्तर दिलेलं नाही आणि देणार नाही. पण मी आता तुझ्याकडे माफी मागत नाहीये, माहिती मागतेय. मी घाबरले आहे गं. दिवसा, भर उन्हात, बसस्टॉपवर उभी असताना घाबरते. शिवी दे, पण त्या चिठ्ठीच्या मागे दोन ओळी लिही.

शेवटची पेटी. चार बाटल्या. उकडलेले बटाटे आणि पुदिना, थंड कोंबडी, तिखट नूडल्स, आणि अंड्याची पोळी. नूडल्सबरोबरची बाटली किंचित गोड आहे, दारू कमी आहे तिच्यात. तिखटाला जड दारू लावली की तोंड पेटतं.

ताई


१६ जून

प्रिय मुंगी,

तू लिहिलंस. शेवटच्या चिठ्ठीच्या मागे, पेन्सिलीने. 'आधी नाकच. मग दोन वर्षं काही नाही. दोन वर्षं चांगली जातात, ताई.'

मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. तू ताई लिहिलंस. आणि दोन वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. मी लगेच हिशेब मांडायला बसले, की दोन वर्षांत काय काय उरकता येईल. मग स्वतःचाच राग आला. अजून काही ठरलेलं नाही, आणि मी सामान आवरायला घेतलं.

तुझ्या त्या ओळीने धीर आला म्हणून मी डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी एक वही दिली. पानापानावर वासाचा ठिपका, तो नखाने खरवडायचा, हुंगायचं आणि चार पर्यायांतला एक निवडायचा. चाळीस पानं. मला साऱ्यांचा एकच वास आला, कागदाचा, आणि तोही मी मनाने लावला असेल. चाळिसात अकरा बरोबर आले. मी विचारलं, अकरा म्हणजे बरे ना? डॉक्टर म्हणाले, डोळे मिटून कुठलंही बोट ठेवलं तरी दहा येतात.

नाक जायला वीस कारणं असतात, असंही ते म्हणाले. नुसता विषाणूही असू शकतो, लक्षात न आलेला. मेंदूचा फोटो काढायचा आहे. मग त्यांनी पेन उघडून विचारलं, घरात कोणाला विसरण्याचा आजार?

मी नाही म्हटलं.

का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून बाहेर पडलं. त्यांनी चौकोनात फुली मारली आणि पुढचा प्रश्न विचारला. रस्त्यावर येऊन मी फळवाल्याच्या गाडीशी थांबले, एक आंबट द्राक्ष मागून खाल्लं, आणि तिथेच रडायला लागले. त्याने पाव किलो बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पुस्तिका छापायला चालली आहे. बाराच्या बारा वाक्यं तुझी. तुझ्यावाचून मी बुडाले असते, एवढं नक्की.

ताई


२५ जून

मुंगे,

हे पत्र मी आज दुपारी स्पेशल कुरियरने पाठवतेय, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. सही करून घे आणि लगेच वाच. मशीन थांबव.

काल प्रुफं तपासणाऱ्या बाई दुकानात आल्या. फार काटेकोर बाई. त्यांनी दोन फायली टेबलावर ठेवल्या आणि जरा अवघडून विचारलं की पुस्तिकेत मी माझीच जुनी वाक्यं पुन्हा वापरली आहेत, ती मुद्दाम का? दुसऱ्या फायलीत बाटलीच्या गळ्यात अडकवायच्या आमच्या जुन्या चिठ्ठ्या होत्या, दरवर्षीच्या. 'नुकत्याच धुतलेल्या स्ट्रॉबेऱ्या, आणि मागे थोडं मीठ', नऊ वर्षांपूर्वीची. 'मधाचं रिकामं भांडं', सहा वर्षांपूर्वीचं. 'ओल्या पाटीवरचा खडू'. बारापैकी अकरा. सगळी माझ्या हातची.

मी दर उन्हाळ्यात बाबांना बाटल्या पाठवायचे, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी असायची. त्या तू ठेवल्यास. पेटीतली बाटली बघायचीस, तिच्या नावाची चिठ्ठी शोधायचीस आणि उतरवून काढायचीस.

आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, कंटाळा केलास, माझी चेष्टा केलीस. मग दुसरीच भीती वाटली, की माझीच वाक्यं मला ओळखू कशी आली नाहीत? मी तर त्यांची तुझ्याकडे स्तुती करत होते. आयुष्यभर शेकडो चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाईचं हे विसरणं, की बाबांचं? अजूनही मला ठरवता आलेलं नाही.

तेवढ्यात मालक आले. माशाबरोबरच्या त्या पांढऱ्या वाइनची अख्खी पेटी त्यांनी उघडून पाहिली होती. उरलेल्या सगळ्या बाटल्यांना तोच वास. बुचंच खराब लागली होती, एकही बाटली सुटलेली नाही. तुझीही त्याच पेटीतली.



तुझ्या स्वयंपाकघरातही ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी घाणेरडी असणार. तू ती माशाबरोबर प्यायलीस आणि हिरवं सफरचंद लिहिलंस. कारण तुला कसला वासच आला नाही. मुंगे, तुझं नाक कधी गेलं?

'दोन वर्षं चांगली जातात.' तू मला बाबांचं सांगत होतीस असं मी समजले. तू तुझं सांगत होतीस. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, म्हणजे त्यांच्यानंतर वर्षभरातच. पहिल्या दिवशीच तुला कळलं असणार काय आहे ते, माझ्यासारखं कॉफीच्या डब्यावर खापर फोडायचीही सोय नव्हती तुला. पाच वर्षं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. आणि कोणाला सांगणार होतीस? मला? मी पत्रामागून पत्र पाठवून तुला विचारत राहिले की सांग, आधी काय होतं, मग काय होतं, किती दिवसांनी. तू गप्प बसलीस त्याला मी राग म्हटलं. माझी भीती एवढी मोठी होती की तिच्यापुढे मला दुसऱ्या कोणाची दिसलीच नाही.

आणि तरी तू 'नाही' लिहिलं नाहीस. माझी नोकरी जाईल म्हणून तू माझ्याच जुन्या चिठ्ठ्या शोधत बसलीस.

मालकांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, जिभेला काय काय कळतं? मी सांगितलं, आंबट, खारट, गोड, कडू, गार, कुरकुरीत, आणि कुठलं कशाला भारी पडतं ते. ते म्हणाले, मग तेवढंच लिहा, तसंही घरच्या लोकांना पाटीवरचा खडू कुठे येतो. पुस्तिका आठ दिवस लांबली आहे. तिचं काय व्हायचं ते होईल.

आज सकाळी पुन्हा डॉक्टरकडे गेले आणि ती फुली खोडायला लावली. वडील, म्हटलं. आणि धाकटी बहीण, बहुतेक. त्यांनी रागावल्यासारखं बघितलं आणि फोटोसाठी दोघींची वेळ लावून दिली, पुढच्या मंगळवारी, एकामागोमाग एक. काय निघेल मला माहीत नाही. मला प्रचंड भीती वाटते. तुझ्या दोन वर्षांची माझ्या चार महिन्यांपेक्षा जास्त वाटते.

मी परवा दुपारी पोहोचते. आणि आता हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते. मेसेजही पाठवलाय, शेजारणीच्या नंबरवर फोनही करतेय, पण ती गावाला गेलेली दिसते, म्हणून सगळीकडून सांगते. मी फेब्रुवारीतच घाबरून विजेची शेगडी आणली. तुझ्याकडे बाबांच्या वेळचीच गॅसची आहे, रबरी नळीसुद्धा तीच असणार. ती गळायला लागली तर त्या घरात कळणारं कोणी नाही. तुझं नाक शाबूत आहे असं धरून मी दोन महिने तुला ती पेटवायला लावत होते, मासा भाज, बटाटे उकड, अंडी फेट.

आत्ता उठ. खिडक्या उघड. काडी ओढू नकोस, दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस. सिलिंडरचा नॉब बंद कर, आणि मी येईपर्यंत काही शिजवू नकोस. काकडी खा, टरबूज खा, पाव खा. तेवढं माझं ऐक.

ताई